नऊ इंचांतले चार इंच

शारजा
शुक्रवार, ९ नोव्हेंबर २०१८

श्री. सिद्रामप्पा मिस्त्री,
मु. अहमदपूर

आप्पांना शारिकचा सलाम. गुणाकाकूंना नमस्कार. तुम्ही दोघं तब्येतीनं बरे असाल असं धरून लिहायला घेतो.

तुमचा दिवाळीचा डबा माझ्या बहिणीकडं, फरीदाकडं पोचला. तिनं फोनवर एकेक पदार्थ नाव घेऊन सांगितला, मुद्दाम मला जळवायला. इथं खोलीत आम्ही सहा जण राहतो. एक तेलंगणाचा, एक नेपाळचा, बाकीचे केरळचे. भात सगळ्यांना चालतो, भाकरीची आठवण मला एकट्याला येते. गरमी आता उतरली. आज सुट्टी आहे. जुम्म्याची नमाज पढून आलो आणि लगेच बसलो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हा कागद कशाला. आप्पा, दिवाळीच्या आठवड्यात मी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा काकूंनी उचलला आणि तिन्ही वेळा तुम्ही झोपलेले. सकाळी अकरा वाजता झोपलेले आप्पा मी कधी बघितले नाहीत. काकूंना खोटं बोलायला जमत नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मागून तुमचा खोकला ऐकू आला.

माझं काम तेच चालू आहे. बिल्डिंग आधी कम्प्युटरमध्ये उभी करायची. खांब, बीम, स्लॅब, जिना, सगळं खऱ्या मापाचं. मग त्यातून नकाशे काढून साइटवर पाठवायचे. लातूरला मी हे शिकायला लागलो तेव्हा तुम्ही सगळ्या गड्यांसमोर म्हणाला होता, "आता हे माऊसनं प्लास्टर करणार." गडी लई हसले होते. मलाही हसू आलं होतं, पण दाखवलं नाही.

त्या दिवसांत लातुरात ज्या गल्लीत जावं तिथं बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला आलेली. पाठीवर बॅग, हातात मेसचा डबा. मी त्यांच्याच वयाचा, दहावीला गणितात बावीस मार्क, आणि त्यांच्याच क्लासच्या मागच्या जिन्यानं वर जाऊन ड्रॉइंग शिकून राहिलो होतो. त्याच्या आधी मोबाईलचं दुकान सोडलं, टेम्पो सोडला, एसटी कॅन्टीन सोडलं. माझा पाय कुठं ठरत नव्हता. तुमच्या हाताखाली दोन वर्षं काढली तीच सगळ्यात जास्त. आणि तुम्हीच इंजिनियर हरिओम साहेबांना म्हणालात, "साहेब, पोरगं शिकलेलं न्हाई, पर त्याला बांधकाम दिसतं." साहेबांचे नकाशे हैदराबादच्या ऑफिसात बनायचे. तुमच्या त्या एका वाक्यावर मला तिथं खुर्ची मिळाली. तिथूनच पुढं इथं आलो. हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरलेलो नाही.

फरीदानं अजून एक सांगितलं.

तिच्या दारात ओटा बांधायला तुम्ही आलात. दोन थर झाले आणि तुम्ही टेप तिच्या हातात दिली. किती आलं ते वाच म्हणालात. तिनं वाचलं. परत वाचायला लावलं. मग तुम्ही थापी धुतली आणि तिला म्हणालात की दुसरा मिस्त्री बघ बाई, मला दिसतं ते खरं का खोटं, मलाच कळत न्हाई. नांदेडला जाऊन डोळे दाखवून आलात. डॉक्टरनं डोळे साफ असल्याचं सांगितलं, तर काकूंना म्हणालात की डॉक्टर म्हाताऱ्याचं मन राखून राहिलाय. त्या दिवसापासून हत्यारांची पिशवी माळ्यावर आहे म्हणे.

फरीदाला वाटतं हे सगळं लातूरच्या त्या हॉस्टेलपासून सुरू झालं, जे मी नकाशात काढलं आणि तुम्ही बांधलं. तसं असेल तर आप्पा, इतकं मनाला लावून घेऊ नका. तीन बीम तोडले, नवे टाकले, काम पुढं गेलं. आता पाच मजले उभे आहेत आणि क्लासच्या पोरी राहून राहिल्यात. कुणाला काही लागलं नाही.

आणि कम्प्युटरमध्येही गडबडी होतात. तुम्हाला वाटतं तिथं सगळं पक्कं असतं, तसं नाही. बीमचं टोक खांबाला नुसतं लावून चालत नाही, तो कशाच्या आधारानं उभा आहे ते कम्प्युटरला सांगावं लागतं. ते चुकलं तर खांब हलवला तरी बीम जागेवरच राहतो. घाईत बघितलं तर रेघेला रेघ जुळलेली दिसते. आडवं कापून बघावं तेव्हा कळतं. त्या हॉस्टेलच्या नकाशातही तसं काही कमी-जास्त झालं होतं का, ते आता सांगता येत नाही. दीड वर्ष झालं. झालं असेल तरी ती कुणा एकट्याची चूक नसते.

म्हणून सांगतो, पिशवी खाली काढा. पत्र पोचलं की काकूंना एक मिस कॉल द्यायला सांगा, मी इकडून लावतो.

तुमचा,
शारिक


शारजा
शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१८

आप्पा,

सोबतचं पत्र मागच्या शुक्रवारचं. पाकिटात घातलं, वर पत्ता लिहिला आणि टाकलं नाही. आठ दिवस गादीखाली होतं. आता दोन्ही एकाच पाकिटात घालतो. पहिलं फाडणार होतो. मग वाटलं, राहू दे. मी कागदावरही कसा सटकतो ते तुम्हाला दिसू दे.

"सांगता येत नाही" असं त्यात लिहिलंय ना, ते खोटं आहे. मला सगळं सांगता येतं. वार सांगता येतो.

नगरपालिकेनं मागच्या बाजूला जास्त जागा सोडायला लावली, म्हणून हरिओम साहेबांनी मागच्या रांगेचे खांब चार इंच आत घ्यायला सांगितले. पाया भरायच्या आधीची गोष्ट. मी खांब आत घेतले. पायाचा नकाशा बरोबर गेला, तुम्ही खांबही बरोबर उभे केले. पण पहिल्या स्लॅबच्या नकाशात मागचे तीन बीम आत आलेच नाहीत. जुन्याच जागी राहिले.

का राहिले ते फक्त मला माहीत आहे. हैदराबादची शिकलेली पोरं बीम खांबाच्या मध्यावर बांधायची. मी त्यांना हसायचो. म्हणायचो, ह्यांनी जन्मात कधी प्लास्टर केलं नाही. आपण साइटवर बाहेरून सूत धरतो, भिंत, बीम, खांब, सगळ्यांची बाहेरची बाजू एका सुतात घेतो, म्हणजे प्लास्टर जाड-पातळ होत नाही. मी कम्प्युटरमध्येही तेच केलं. बीम खांबाला न बांधता बाहेरच्या भिंतीच्या रेघेला बांधले. एकदम मिस्त्रीचं काम केलं असं वाटलं. खांब हलवले, भिंत हलवायची राहिली, आणि बीम भिंतीबरोबर थांबले.

तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट आली होती. इंग्रजीत दोन ओळी. अशा चौकटी दिवसाला पन्नास येतात आणि सगळे न वाचता ओके दाबतात. मीही दाबलं. मला वाचताच आलं नसतं असं नाही. एकेक शब्द लावला असता तर कळलं असतं की काहीतरी जुळत नाही म्हणून सांगून राहिलंय. कंटाळा केला.

सोमवारी दुपारी तुमचा फोन आला. मी तो शब्दाला शब्द लिहितो, कारण तो तुमच्या आठवणीतून गेलाय आणि माझ्या आठवणीतून गेला नाही.

तुम्ही म्हणालात, "शारिक, मागचा बीम खांबाच्या बाहेर चाललाय रे. नऊ इंचांतले चार इंच हवेत. जमिनीवर चुन्यानं काढून बघितलं मी. तुझा कागद बरोबर हाय का?"

मी फाइल उघडली नाही. शेजारच्या खुर्चीवरची पोरं ऐकून राहिली होती, आणि मला त्यांच्यासमोर साइटवरच्या मिस्त्रीशी साहेबासारखं बोलायचं होतं. मी म्हणालो, "आप्पा, कम्प्युटरनं काढलंय, हातानं न्हाई. कागदाप्रमाणं करा."

तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "तू म्हणतोस तर करतो."

आप्पा, भूकंपाची गोष्ट तुम्ही मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. तुम्ही औशाकडं दगड उपसायला गेला होता. एका घराची भिंत दोन फूट रुंद, आणि तुळई तिच्या काठावर टेकलेली. भिंत रुंद असून काय कामाची, वजन काठावर ठेवलं तर, असं तुम्ही म्हणाला होता. त्यानंतर चोवीस वर्षं, बीमचं बूड खांबावर पुरं टेकल्याशिवाय तुम्ही काँक्रीट ओतलं नाही. मालक ओरडला तरी नाही, पावसाचं आभाळ आलं तरी नाही. त्या मंगळवारी ओतलंत. माझ्या शब्दावर.

बुधवारी मी फाइल उघडली. का उघडली माहीत नाही, तुमचं ते जरा थांबणं कानात राहिलं असेल. मॉडेल आडवं कापून बघितलं. चार इंच. तुम्ही सांगितलं तेवढंच, एक सूत कमी नाही की जास्त नाही.

इथं थांबून मी आत्ता पाणी पिऊन आलो. पुढचं लिहायलाच दीड वर्ष लागलंय.

चूक सापडली तर रीत अशी असते. बीम दुरुस्त करायचा, नकाशाचा नंबर एकानं पुढं न्यायचा, आणि जिथं बदल केला तिथं ढगासारखी वाकडी रेघ गोल फिरवायची. म्हणजे साइटवरच्या माणसाला लांबून दिसतं की इथं आधी वेगळं होतं. मी बीम खांबावर आणले. नंबर तोच ठेवला. तारीख तीच ठेवली. ढग मारला नाही. मग सुपरवायझर रामकिशनला फोन केला आणि म्हणालो, आधीची प्रिंट फिकी आली असेल, ही नवीन पाठवतो, जुनी काढून टाक. रामकिशन नकाशा कधी बघत नाही, सिमेंटच्या गोण्या बघतो. त्यानं नवीन अडकवली आणि जुनी चुलीत घातली.

तुम्हाला अडकवायचं असं माझ्या मनात नव्हतं, खरंच नव्हतं. माझ्या मनात फक्त मी होतो. कागद बरोबर असला की मी सुटलो, एवढंच. कागद बरोबर असला तर चूक मग कुणाची, हा पुढचा विचार मी केला नाही. विचार आला असेल तर त्यालाही ओके दाबलं.

शनिवारी हरिओम साहेब आले आणि मागचे बीम खांबाबाहेर गेलेले त्यांनी बघितले. तिथं काय झालं ते रामकिशननं मला संध्याकाळी हसत हसत सांगितलं. साहेबांनी हॉस्टेल ज्यांचं त्या क्लासवाल्या सरांसमोर आणि सगळ्या गड्यांसमोर नकाशा तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, वाचा आप्पा, बीम कुठं दाखवलाय. तुम्ही कागद उन्हात धरला. जवळ नेला, लांब नेला. उलटा करून पाठीमागून बघितला. गडी तुमच्याकडं बघून राहिले होते. मग तुम्ही म्हणालात, "चूक माझीच हाय साहेब. पोरानं सांगितलं होतं कागदाप्रमाणं करा. मलाच उलटं दिसलं."

"म्हातारं झालं तुमचं आप्पा," रामकिशन मला म्हणाला. मी हूं म्हणालो.

तुम्ही भांडला असता, आप्पा, हा कागद तो न्हाई म्हणाला असता, तर मी काय केलं असतं माहीत नाही. पण तुम्ही भांडला नाहीत. तुम्ही माझ्या कागदावर तुमच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा ठेवला.

रविवारी तुम्ही मला फोन केलात. तोही लिहितो.

"शारिक, त्या दिवशी मी तुला काय म्हणालो होतो रे? चार इंच बाहेर, असं म्हणालो होतो का?"

मी तेव्हा हो म्हणायला पाहिजे होतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी आवाज कटून राहिला होता. मला नीट ऐकूच आलं न्हाई."

तुम्ही "बरं" म्हणालात. मग विचारलंत, "जेवलास का?"

बीमची चूक माझ्या अडाणीपणाची. प्रिंट बदलली ती माझ्या भित्रेपणाची. पण "ऐकू आलं न्हाई" म्हणालो, त्याला मला नाव सापडत नाही. तुम्ही दोराला धरून वर येऊन राहिला होता आणि मी वरून दोर सोडला. त्या दिवसानंतर तुम्ही टेप दुसऱ्याच्या हातात द्यायला लागलात. फरीदाला वाटतं वयानं. काकूंना वाटतं साहेब बोलले त्याचं लागलं. मला माहीत होतं. गेल्या वर्षी ईदला आलो, तुमच्या घरी बसलो, काकूंच्या हातची धपाटी खाल्ली. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते काकूंना विचारलंत. घड्याळ तुमच्या समोर होतं. मी धपाटं खात राहिलो.

तुम्ही माझा फोन का घेत नाही तेही मला आता कळतं. मला वाटायचं तुम्हाला संशय आला. फरीदा म्हणाली, न्हाई रे, ते म्हणतात मी पोराचं नाव खराब केलं, साहेबाकडं त्याची मान खाली गेली. हे ऐकल्यावर पहिलं पत्र लिहायला बसलो, आणि तरीही त्यात तसलं लिहिलं.

आता काय केलं ते सांगतो.

तो पहिला नकाशा जळाला तरी गेला नव्हता. रामकिशनला पाठवलेला माझ्या जुन्या फोनमध्ये तसाच होता, तारखेसकट. त्याच्या खाली त्या बुधवारी पाठवलेला दुसरा. परवा इथल्या दुकानात दोन्ही खऱ्या आकारात छापून घेतले. ह्या पाकिटात घडी करून घातलेत. मी तुमच्यासाठी कुठं लाल रेघ मारलेली नाही, बाण काढलेला नाही. मुद्दाम.

आज सकाळी हेच दोन्ही नकाशे हरिओम साहेबांना पाठवले. काय केलं ते खाली लिहिलं. इंग्रजी येत नाही म्हणून मराठीतच लिहिलं. तुमच्याकडं येऊन, त्या दिवशी जेवढी माणसं होती त्यातली जेवढी जमतील तेवढ्यांसमोर, तुम्हाला सांगा, अशी विनंती केली. त्यांचं उत्तर आलेलं नाही. इथली नोकरी हैदराबादच्या ओळखीवर आहे. ती राहील का जाईल हे कळेपर्यंत थांबलो असतो, तर हे पत्रही गादीखाली गेलं असतं. म्हणून आधी त्यांना पाठवलं, मग हे लिहायला बसलो. आता मला मागं घेता येत नाही.

माफी मागितली तर तुम्ही लगेच "जाऊ दे रे" म्हणाल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून मागत नाही. एक काम मागतो.

दोन्ही कागद घरात फरशीवर पसरा. काकूंना बोलवू नका, फरीदाला बोलवू नका. टेप तुम्ही स्वतः धरा. मागच्या रांगेतला मधला खांब शोधा. पहिल्या कागदावर बीम कुठं आहे ते बघा, मग दुसऱ्यावर बघा. जे दिसेल ते दीड वर्षापूर्वीही तुम्हाला तसंच दिसलं होतं. डॉक्टर तुमचं मन राखून राहिला नव्हता.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. एक काढणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. हैदराबादला तपासणाऱ्याच्या चौकोनात मोठ्या साहेबाच्या नावाची अक्षरं आपोआप छापून यायची, त्यानं बघितलेलं असो नसो. ह्या दोन प्रिंटांवर ती अक्षरं मी खोडली आहेत. तो नकाशा खरा तपासला होता एकाच माणसानं, चुना घेऊन, जमिनीवर. बघून झालं की पहिल्या कागदावर त्या चौकोनात सही करा, आणि कागद तुमच्याकडंच ठेवा. मला परत नको.

खाली "तुमचा" लिहायला हात गेला होता. नाही लिहिलं.

काढणारा : शारिक खाजा शेख
तपासणारे : सिद्रामप्पा मिस्त्री, अहमदपूर. सही :